काट्यावर आकडा तोच, शरीर मात्र दुसरंच

माझ्या घड्याळाच्या पट्ट्याला सात भोकं आहेत. वर्षानुवर्षं मी तो चौथ्या भोकात अडकवत आले. ४७व्या वर्षी कधीतरी तो सैल वाटायला लागला आणि एक भोक आत घ्यावा लागला. त्याच सुमारास पँटचं बटण लावताना श्वास रोखून धरावा लागत होता. मनगट बारीक झालंय आणि कंबर वाढलीय, या दोन गोष्टी एकाच वेळी कशा होतात, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आलाच नाही. मी फक्त पँटकडे पाहिलं आणि वजनकाट्यावर उभी राहिले. ६१ किलो. पाच वर्षांत साडेतीन किलो वाढले होते.

पाळी अनियमित होऊन वर्ष उलटलं होतं. कधी तीन आठवड्यांत, कधी दीड महिन्याने. रात्री दोन-तीनच्या सुमारास मान आणि छाती घामाने भिजून जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी वजन लिहून घेतलं, थायरॉईडची तपासणी करायला सांगितली. टीएसएच २.८ आलं, म्हणजे ठीक. मग ते म्हणाले, "वयाप्रमाणे चालायचंच. खाणं कमी करा, चालायला जा." पाच मिनिटांत मी बाहेर आले. त्यांचा सल्ला पूर्ण चुकीचा होता असं नाही. पण त्याने माझं नुकसान झालं, आणि ते का झालं हे सांगायला हे लिहायला घेतलंय.

मी खाणं कमी केलं. बरंच कमी केलं. रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलं, सकाळी तासभर चालायला लागले. पाच महिन्यांत ६१चे ५७ झाले. सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही बरं वाटत होतं, पण पँटचं बटण आधीसारखंच ओढून लावावं लागत होतं. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. घट्ट बसलेलं बाटलीचं झाकण मी मुलाच्या हातात द्यायला लागले आणि कधीपासून द्यायला लागले तेही आठवेना.

त्याच हिवाळ्यात आई पडली. ७४ वर्षांची. घरातल्या घरात, पलंगावरून उठून दोन पावलं चालताना. खुब्याचं हाड मोडलं. माझी आई आयुष्यभर बारीक. वजन कधी ४८च्या वर गेलं नाही, आणि "या वयातही किती काटक आहेत" हे तिच्याबद्दलचं ठरलेलं वाक्य. ऑपरेशननंतर मी तिला न्हाऊ घालताना तिची मांडी पहिल्यांदा नीट पाहिली. हाडावर सैल कातडी आणि तिच्यात थोडंसं मऊ काहीतरी. माझ्या दोन्ही पंजांच्या वेढ्यात ती मांडी मावत होती. मग आठवलं, गेली कितीतरी वर्षं ती खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी हात्यांवर रेटा देऊनच उठायची. आम्ही सगळे ते रोज पाहत होतो आणि तिला काटक म्हणत होतो.

आईच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमची पाळी कशी आहे?" मी सांगितलं. त्यांनी मला एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि त्या बाईंनी वजन विचारण्याआधी खुर्चीत बसवलं. हात छातीवर आडवे ठेवायचे, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं आणि बसायचं. त्या घड्याळ लावून बघत होत्या. मला १३ सेकंद लागले. तिसऱ्या वेळेनंतर मांड्या थरथरत होत्या. मग एक स्प्रिंगचं यंत्र हातात देऊन जोरात दाबायला लावलं. १९ किलो. स्त्रियांमध्ये १६ ते १८च्या खाली आकडा गेला की स्नायू दुबळे झाल्याची शंका घेतात. मी त्या कडेला उभी होते, ४८ व्या वर्षी, चार किलो उतरवल्याचा आनंद मनात असताना.

त्यांनी डेक्सा स्कॅन करायला सांगितला. नाव मोठं असलं तरी प्रकार अगदी साधा आहे. कपड्यांवरचं सगळं धातूचं काढून एका टेबलावर उताणं पडायचं, आणि वरून यंत्राचा हात डोक्यापासून पायापर्यंत सावकाश फिरतो. दहा-बारा मिनिटं. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून जातात, आणि हाड, चरबी आणि बाकीचा ऐवज त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, त्यावरून कुठे काय किती आहे याचा हिशोब लागतो. किरणांची मात्रा फारच थोडी असते. हाडांसाठीचा स्कॅन बहुतेकांना माहीत असतो. पूर्ण शरीराचा केला की त्याच यंत्रातून चरबी आणि स्नायूही कळतात.

माझ्या रिपोर्टमध्ये शरीराचं एक चित्र होतं, चरबी पिवळी, स्नायू लाल. पोटावर पिवळ्याचा पट्टा, आणि मांड्यांत लाल रंग मधोमध आकसलेला. एकूण ५७ किलोपैकी २२.२ किलो चरबी, १.९ किलो हाडांमधली खनिजं आणि ३२.९ किलो बाकीचं सगळं. या बाकीच्याला लीन मास म्हणतात. ते सगळं स्नायू नसतं, पाणी आणि अवयवही त्यातच येतात. म्हणून डॉक्टरांनी फक्त हातापायांतला आकडा वेगळा काढला आणि उंचीच्या वर्गाने भागला. ५.५ आला. स्त्रियांसाठी धोक्याची रेषा याच्याच आसपास धरतात. कण्याच्या हाडांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती, तो उणे १.६. उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर हाडं ठिसूळ झाली म्हणतात. मी त्या वाटेवर निघाले होते.

ऐन तिशीत माझं वजन ५७च होतं. म्हणून मी समजत होते की मी परत तिथे पोहोचले. प्रत्यक्षात तेव्हाच्या ५७ किलोत आणि आताच्या ५७ किलोत शरीराची माती बदलली होती. चरबीचं प्रमाण जवळजवळ ३९ टक्के.

डॉक्टरांनी त्या दिवशी मला अर्धा तास दिला. त्यांनी जे समजावलं ते मी नंतर वाचत गेले आणि प्रत्येक वेळी वाटलं, हे मला दहा वर्षं आधी का नाही कुणी सांगितलं.

पहिली गोष्ट म्हणजे, "वय वाढलं की चयापचय मंदावतं" हे आपण धरून चालतो, ते चाळिशीबद्दल तरी खरं नाही. हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४००हून जास्त माणसांची मोजमापं एकत्र केली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या माणसापर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशोबात घेतलं तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे माझ्या पेशी आळशी झाल्या नव्हत्या. ज्या ऐवजात त्या पेशी असतात तो ऐवजच कमी होत होता.

दुसरी गोष्ट हार्मोन्सची. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा चाळिशीपासून पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा 'स्वान' नावाचा अभ्यास चालू आहे. त्यातून २०१९ मध्ये आलेलं एक विश्लेषण डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. आधी वजनाची रेघ: सरळ, हळूहळू वर जाणारी, रजोनिवृत्तीच्या काळात तिला कुठेही उसळी नाही. मग त्याखाली दोन रेघा. चरबीची रेघ शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधी अचानक उभी होते, वाढीचा वेग दुप्पट. आणि त्याच जागी लीन मासची रेघ, जी तोवर किंचित वर जात होती, ती खाली वळते. शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षांनी दोन्ही सपाट होतात. चार वर्षांची ती खिडकी. वजनकाटा वरची एकच रेघ दाखवतो. खालच्या दोन रेघांचं त्याला काही कळत नाही.

मी तो कागद जपून ठेवलाय.

असं का होतं? इस्ट्रोजेन हे बीजकोशांतून येणारं हार्मोन शरीरात पुरेसं असेपर्यंत चरबी मुख्यतः नितंब आणि मांड्यांवर, कातडीखाली साठते. बीजकोशांचं काम थांबत आलं की इस्ट्रोजेन आधी वरखाली हेलकावे खातं आणि मग उतरतं, आणि चरबीचा मुक्काम पोटात हलतो. त्यातली काही आतड्यांच्या आणि यकृताच्या भोवती बसते. ही आतली चरबी नुसती साठून राहत नाही, तिच्यामुळे इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ५.८ होतं, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या पट्ट्यात. स्नायूंच्या पेशींमध्येही इस्ट्रोजेनचा संदेश पकडणारे रिसेप्टर असतात, त्यामुळे ते उतरलं की स्नायू दुरुस्त होण्याचं कामही सावकाश होतं. हाडांचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. त्यात झोप गेली की गाढ झोपेत सुटणारं वाढीचं हार्मोन कमी पडतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. माझ्या त्या दोन-तीन वाजताच्या जागरणांचा पोटाशी संबंध होता, हे मला सुचलंही नसतं.

आणि या खिडकीतच मी पाच महिने उपाशी राहिले. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबीचा नसतो. शरीराला हातपाय चालवायला ऊर्जा हवी असते, स्नायूंना वापरलं नाही की ते मोडून खायला शरीर मागेपुढे पाहत नाही. म्हणजे वयाने आणि हार्मोन्सने जे घ्यायला सुरुवात केली होती, ते मी स्वतःच्या हाताने आणखी काढून दिलं, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. हे कळलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन खूप रडले. आईच्या मांडीचा स्पर्श हातात होता.

पुरुषांचं वेगळं असतं असं म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. त्यांना अशी चार वर्षांची खिडकी नसते, पण तिशी-चाळिशीपासून टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरत जातं. पोटाची चरबी त्यातलं काही टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलते, त्यामुळे पोट जितकं वाढेल तितकं ते आणखी खाली. माझ्या नवऱ्याचंही कंबरेचं माप याच काळात वाढलं. डॉक्टर म्हणाल्या, दोघांनीही वजन मोजायचं कमी करा आणि एक दोरा घ्या. दोरा उंचीएवढा कापा, अर्धा दुमडा, कंबरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली तर ठीक. आमच्या दोघांचीही जुळली नाहीत.

इलाज काय, तर औषधाआधी वजनं उचलणं. मी जिममध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. पहिला महिनाभर ट्रेनरने मला एकही वजन दिलं नाही. खुर्चीत बसायचं, उठायचं. भिंतीला हात टेकून दंड घालायचे. मला वाटलं, हा मला म्हातारी समजतोय. तो म्हणाला, "ताई, गुडघे आत पडतायत ते आधी थांबवू, मग वजन." दुसऱ्या महिन्यात दोन-दोन किलोचे डंबेल. तिसऱ्यात १५ किलोचा मोकळा रॉड जमिनीवरून उचलायला दिला. पाठ सरळ, रॉड नडगीला लागून, टाच दाबून उठायचं. रॉडवर बारीक खाचा असतात, पकड सुटू नये म्हणून. त्या पहिल्या दिवशी तळहाताला इतक्या रुतल्या की संध्याकाळी चहाचा कप धरतानाही जाणवत होत्या. आता बोटांच्या मुळाशी चार पिवळट घट्टे आहेत. मी ते घासून काढत नाही.

आठवड्यातून तीन दिवस. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, आठ ते बारा वेळा, आणि त्यातल्या शेवटच्या दोन वेळा इतक्या जड वाटल्या पाहिजेत की आणखी एकदा जमलं नसतं. हे मला फार उशिरा उमगलं. वजन मिळाल्यावर सुरुवातीला मी हलक्या वजनाने वीस-वीस वेळा करत होते आणि घाम आला की समाधान मानत होते. स्नायूला वाढायला ताण लागतो, आणि सरावलेला ताण ताण राहत नाही. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं. एकदा घाईने एकदम दहा किलो वाढवले आणि कंबर धरली, तीन आठवडे बंद. तेव्हापासून वहीत लिहून ठेवते.

खाण्यात उलटा बदल करावा लागला, वाढवावं लागलं. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू पूर्वीएवढा बांधला जात नाही. प्रौढांसाठी किलोमागे ०.८ ग्रॅम सांगतात, वाढत्या वयात १ ते १.२ ग्रॅम हवं असं या विषयातले तज्ज्ञ म्हणतात. माझ्यासाठी ते दिवसाला ५७ ते ६८ ग्रॅम. मी उपाशी राहण्याच्या काळात चाळीसही घेत नव्हते. शिवाय सगळं एका जेवणात न ओतता तिन्ही वेळांत वाटायचं. वजन कमी करायच्या काळात ताटातलं वाढवणं हे मनाला फार जड गेलं. पहिले काही आठवडे जेवून उठताना मला अपराधी वाटायचं.

हार्मोन्स घ्यायची की नाही, यावर डॉक्टरांशी दोनदा बोलले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही वजन कमी करायची गोळी नाही. घामाचे झटके, झोप आणि हाडं यांसाठी तिचा उपयोग, पोटात चरबी साठण्याचा कल थोडा कमी होतो इतकंच. गर्भाशय असलेल्या स्त्रीला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, अस्तर वाढू नये म्हणून सोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोन लागतं. घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास, रक्ताच्या गुठळ्या, यकृत, सगळं विचारून झाल्यावर मी त्वचेवर लावायचं जेल आणि रात्री एक गोळी असं सुरू केलं. महिन्याभरात रात्री सलग झोपले. प्रत्येकीने घ्यावं असं मी म्हणणार नाही, ज्याचा त्याचा धोका वेगळा असतो. माझ्यापुरतं सांगायचं तर झोप आली नसती तर सकाळी रॉड उचललाच नसता.

दीड वर्षाने पुन्हा त्याच टेबलावर पडले. मधल्या काळात शेवटची पाळी येऊन गेली होती, म्हणजे मी त्या खिडकीच्या अगदी मध्यावर होते. काट्यावर ५७.८. ०.८ किलो जास्त. आकडा पाहून छातीत धस्स झालं, इतक्या वर्षांची सवय. मग रिपोर्ट आला. चरबी २१.१, लीन मास ३४.८. हातापायांचा तो भागाकार ५.५वरून ५.९. टी-स्कोअर उणे १.५. "हा फरक यंत्राच्या चुकीएवढाच आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण ज्या वर्षांत तो सर्वात वेगाने पडतो त्या वर्षांत पडला नाही." एचबीएवनसी ५.६. कंबर पाच सेंटिमीटरने कमी, दोऱ्याची टोकं अजून पुरती जुळत नाहीत. दीड वर्षाच्या मेहनतीचे १.९ किलो. कुणाला थोडे वाटतील. मी ते एकेक ग्रॅम ओळखते.

दरम्यान आई वॉकर सोडून काठीवर आली होती. मी तिला या सगळ्याबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाली, "माझं आता काय व्हायचं राहिलंय." मी तिला एक जुना प्रयोग सांगितला. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलवून घेतली. नऊ जणांनी पूर्ण केलं, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नव्वदीतली?"

तिच्या फिजिओथेरपिस्टला विचारून सुरुवात केली. भिंतीला टेकवलेली हात्यांची खुर्ची, खाली उशी ठेवून उंच केलेली. मी समोर गुडघ्यांवर बसते, दोन्ही हात पुढे करून, पण तिला न धरता. पहिल्या दिवशी हात्यांवर रेटा दिल्याशिवाय ती एकदाही उठू शकली नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा. दोन महिन्यांनी पाच वेळा, २६ सेकंदांत. मग उशी काढली आणि पुन्हा मागे गेलो. गेल्या रविवारी उशीशिवाय पाच वेळा, १९ सेकंद. तिने हात छातीवर आडवे बांधले होते, बोटं खांद्यांत रुतवून, आणि पाचव्या वेळी उठताना तिच्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, एक लहानसा उंचवटा आला आणि गेला. मी तिथे हात ठेवला. तिने विचारलं, "किती झाले?"

"एकोणीस."

"आणि तुझ्या डॉक्टरांना किती हवेत?"

"पंधराच्या आत."

ती पुन्हा खुर्चीत बसली, पाय थोडे मागे घेतले आणि म्हणाली, "घड्याळ लाव."